मायोर्कात सायकलवर, दमादमाने: पहिल्यांदा जाणाऱ्या मित्रमंडळींसाठी

"आम्ही स्पेनला बाईक टूरला चाललोय" असं घरी सांगितलं, तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "आपलं लायसन्स चालतं का तिकडे?" आपल्याकडे बाईक म्हणजे इंजिनवाली. म्हणून आधीच सांगते, हा लेख पॅडल मारायच्या सायकलीबद्दल आहे, आणि पॅडलही निवांत मारायचं आहे. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, मध्ये दोनदा कॉफी, एकदा भरपेट जेवण, संध्याकाळी समुद्र किंवा गावातला चौक.

मायोर्का हे स्पेनच्या बालेआरिक बेटांमधलं सगळ्यात मोठं बेट. क्षेत्रफळ ३,६०० चौरस किलोमीटरांच्या थोडं वर, राजधानी पाल्मा. स्थानिक भाषा कातालानची मायोर्की बोली. स्पॅनिश सगळ्यांना येते. युरोपातले व्यावसायिक सायकलपटू हिवाळ्यात इथे सरावाला येतात, त्यामुळे इंटरनेटवर शोधाल तर पहिले शंभर फोटो डोंगरातल्या नागमोडी घाटांचे आणि घामाघूम झालेल्या सडपातळ लोकांचे दिसतील. ते बघून आमच्यातले दोघं गळालेच होते. पण डोंगर आहेत बेटाच्या वायव्य कडेला. मधला सगळा भाग, ज्याला तिथे ‘एस प्ला’ म्हणजे मैदान म्हणतात, तो हलक्या चढउतारांचा आहे. माझं मत सरळ आहे: नवख्या मंडळींनी डोंगर बघावेत आणि सायकल मैदानात चालवावी.

पायरी १: आधी माणसं, मग तारखा

चार ते सहा जण हा उत्तम आकडा. त्याहून जास्त झाले की दुपारच्या जेवणाला एका टेबलावर मावत नाहीत आणि रस्त्यावर दोन तट पडतात. बुकिंगच्या आधी सगळ्यांनी एकदा समोरासमोर बसा आणि एकच गोष्ट ठरवा: वेग सगळ्यात हळू माणसाचा. हे तोंडाने मान्य करणं सोपं असतं. प्रत्यक्षात, ज्याने महागडी सायकल घेऊन ठेवली आहे तो तिसऱ्या दिवशी "मी जरा पुढे जाऊन येतो" म्हणतोच. त्याच्यासाठी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी त्याने हवं ते चढावं, बाकीच्यांनी समुद्रावर लोळावं. आमच्याकडे हा तह झाला म्हणून मैत्री टिकली.

पैशाचंही तेव्हाच ठरवा. आम्ही रोज सकाळी प्रत्येकाकडून कॉन्ट्री काढून एका पाकिटात टाकायचो, कॉफी-पाणी-फळं त्यातून. हिशेब एकाच माणसाकडे. रोज दहा बिलं पाच जणांत वाटत बसलात तर सुट्टीचा बँकेतला सोमवार होतो.

पायरी २: केव्हा जायचं

एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेअखेर, नाहीतर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. एप्रिलात दिवसा वीस अंशांच्या आसपास हवा असते, सकाळी विंडचीटर लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर जातो आणि अख्खा युरोप तिथे आंघोळीला येतो. सायकलसाठी ते महिने विसरा. शरद ऋतूत समुद्र कोमट असतो, पण अधूनमधून आपल्या वळवासारखा धो-धो पाऊस कोसळतो. बदामाचा बहर बघायचा असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. शेतंच्या शेतं पांढरी-गुलाबी होतात, पण सकाळी बोटं गारठतात.

एक सावधगिरी. एप्रिलच्या शेवटी ‘मायोर्का ३१२’ नावाची मोठी सायकल स्पर्धा असते. नावातलं ३१२ म्हणजे किलोमीटर, एका दिवसात. त्या आठवड्यात उत्तर भागात खोल्या आणि चांगल्या सायकली दोन्ही मिळायची मारामार. तारीख आधी बघून घ्या.

पायरी ३: कागदपत्रं

शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो प्रत्येकाचा स्वतंत्र. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मी म्हणेन तीन महिने आधी अपॉइंटमेंट धरा. सगळ्यांची हॉटेल बुकिंगं आणि प्रवासाचा तक्ता एकसारखा असू दे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असायला हवा, ही व्हिसाची अट. पण आपल्या कामाची गोष्ट पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते: सायकल चालवताना झालेली दुखापत त्यात धरली आहे का? काही पॉलिसी तिला ‘साहसी खेळ’ म्हणून बाहेर ठेवतात. लेखी उत्तर घ्या.

मुंबईहून पाल्माला थेट विमान नाही. माद्रिद, बार्सेलोना किंवा जर्मनीतलं एखादं शहर गाठून पुढे जायचं. बार्सेलोनाहून रात्रीची फेरीबोटही आहे, साधारण सात-आठ तासांची. वेळ असेल तर ती घ्या, पहाटे डेकवरून पाल्माचं कॅथेड्रल पुढे येताना दिसतं.

पायरी ४: सायकल तिथेच भाड्याने

स्वतःची सायकल खोक्यात भरून नेण्याचा मोह टाळा. बेटावर भाड्याच्या सायकलींची दुकानं गल्लोगल्ली आहेत. साधी हायब्रिड दिवसाला पंधरा-वीस युरोंपासून मिळते, रस्त्याची हलकी सायकल त्याहून महाग, ई-बाईक साधारण दुपटीला. आठवड्याचा दर घेतला तर बराच फरक पडतो.

कोणती घ्यायची? निवांत सहलीला ३५ मिलिमीटरच्या आसपास रुंद टायर, सरळ हँडल, मागे कॅरिअर. बारीक टायरची रेसिंग सायकल सुंदर दिसते, पण शेतातल्या रस्त्यांवर ती खडबड हाडांपर्यंत पोचवते. गटात कोणाचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांच्यासाठी ई-बाईक घ्या आणि त्यावरून चिडवू नका. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मैत्रिणीने ती घेतली आणि प्रत्येक चढावर तीच वर उभी राहून आमचे व्हिडिओ काढत होती.

बुकिंग करताना उंची सेंटिमीटरमध्ये कळवा. दुकानात सायकल हातात आली की सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. कुलूप, पंप, एक जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि दिवे आहेत ना, मोजून घ्या. फोटो काढा, आधीचे ओरखडे दाखवून ठेवा.

आणि आता ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ब्रेक उलटे असतात. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना आणि स्कूटरला उजव्या हाताला पुढचा ब्रेक. तिथे डाव्या हाताला पुढचा, उजव्याला मागचा. दुकानदाराने सांगितलं होतं, मी मानही डोलावली होती. अर्ध्या तासाने पाल्माच्या किनाऱ्यावर एक छोटं पोर बॉलमागे धावत आडवं आलं आणि माझा डावा हात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, ‘मागचा’ ब्रेक समजून आवळला गेला. मागचं चाक उचललं. मी हँडलवरून गेले नाही ते केवळ वेग कमी होता म्हणून. कोपर मात्र सोललं. त्या रात्री डाव्या लिव्हरला लाल चिकटपट्टी गुंडाळली. तुम्ही पहिल्याच दिवशी, दुकानाच्या दारात गुंडाळा. काही दुकानं सांगितल्यावर ब्रेक बदलूनही देतात. आधी ईमेलवर विचारा.

पायरी ५: सराव

किती किलोमीटर चालवता यापेक्षा लागोपाठ किती दिवस चालवता याला महत्त्व आहे. रविवारी साठ किलोमीटर मारून सोमवार ते शनिवार खुर्चीत बसणाऱ्याचं बूड तिसऱ्या दिवशी बोंब मारतं. निघायच्या आधी दोन महिने, शनिवार-रविवार दोन्ही दिवस तीस-तीस किलोमीटर करा. पुण्याचे असाल तर पिरंगुट-मुळशीचा रस्ता त्यासाठी पुरेसा चढउताराचा आहे, नाशिककरांना त्र्यंबक आहे. गादीवाली शॉर्ट्स दोन घ्या आणि त्या सरावातच वापरून बघा. स्वतःची सीट सवयीची असेल तर तेवढी काढून सोबत न्या. भाड्याच्या सायकलला ती दोन मिनिटांत बसते.

पायरी ६: रस्ता आखणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सहल इथेच बनते किंवा बिघडते.

आखणीचं सूत्र: रेल्वेच्या जवळ राहा. पाल्माहून इंकापर्यंत रेल्वे जाते आणि तिथून पुढे दोन फाटे फुटतात. एक सा पोब्लाला, दुसरा सिनेउ, पेत्रा करत मानाकोरला. कोणाचा गुडघा धरला, पाऊस आला, कंटाळा आला, तर सायकलसकट गाडीत बसता येतं. फक्त गर्दीच्या वेळा टाळा आणि सगळे एकाच डब्यात घुसू नका. ही सोय माहीत असली की घाबरट माणूसही मोकळेपणाने चालवतो. आम्ही आखलेला आठवडा असा होता, आणि तो मी तसाच पुन्हा करेन.

रविवारी पाल्मा. सोमवारी सायकली ताब्यात घेऊन फक्त उपसागराच्या काठाने जाणाऱ्या सायकलमार्गावर सराव. ला सेऊ कॅथेड्रलखालून निघून पोर्तिशोल, मोलिनार अशा जुन्या कोळीवाड्यांवरून पुढे. सपाट रस्ता, उजवीकडे समुद्र, मोटारी नाहीत. ब्रेक, गिअर, उजवीकडून चालणं, सगळं इथे अंगवळणी पाडायचं. (माझं कोपर इथलंच.)

मंगळवारी पाल्मा ते सिनेउ, सांता मारिया आणि सेन्सेयेस मार्गे, साधारण चाळीस किलोमीटर. शहरातून बाहेर पडतानाचे पहिले काही किलोमीटर कंटाळवाणे आहेत, ते हवं तर रेल्वेने सांता मारियापर्यंत जाऊन टाळा. पुढे मात्र ‘कामी’ सुरू होतात. कामी म्हणजे शेतांमधले जुने अरुंद रस्ते, आता डांबरी झालेले. दोन्ही बाजूंना चुना-सिमेंट न लावता रचलेले दगडी बांध. कोकणातला माणूस ते बघून लगेच म्हणेल, हे तर गडगे! तेच ते, फक्त इकडे जांभा, तिकडे फिकट चुनखडी. गडग्यापलीकडे बदाम, अंजीर, ऑलिव्ह आणि काळ्या लोंबत्या शेंगांची कॅरबची झाडं. खाली मेंढ्या, गळ्यात घंटा. वाटेत दर सात-आठ किलोमीटरला गाव, गावाच्या मधोमध चर्च, चर्चसमोर चौक आणि चौकात कॉफी. रस्ता चुकलात तरी चर्चचा मनोरा बघत सायकल हाकायची.

बुधवारी सायकलींना सुट्टी, कारण बुधवारी सिनेउचा बाजार असतो. त्याची परंपरा १३०६ सालापासूनची सांगतात. कोंबड्या, बकऱ्या, टोपल्या, चामड्याचे पट्टे, ऑलिव्हची पिंपं. आपल्या आठवडी बाजारात वाढलेल्याला इथे अजिबात परकं वाटत नाही. अकरानंतर बसेस भरभरून पर्यटक येतात, तेव्हा नऊलाच जा. मुक्काम सिनेउमध्ये मंगळवारी येईल असं आखण्याचं कारण हेच.

गुरुवारी पेत्रा. सिनेउहून अकरा-बारा किलोमीटर. कॅलिफोर्नियात फ्रान्सिस्कन पंथाची ख्रिस्ती मिशनं उभारणारे हुनिपेरो सेरा इथे १७१३ मध्ये जन्मले. गाव सायकलवाल्यांचा अड्डा आहे. रामोन युल चौकात सकाळी अकरा वाजता शंभरेक सायकली भिंतींना टेकलेल्या असतात आणि सगळ्यांच्या हातात संत्र्याचा ताजा रस. पेत्राहून बोनान्यी नावाच्या टेकडीवरच्या मठापर्यंत चार किलोमीटरचा चढ आहे, उंची ३१७ मीटर. हा आमचा ‘घाट’. दोघांनी सायकल हातात धरून चढला, कोणी नाव ठेवलं नाही. वरून अख्खं मैदान आणि पलीकडे निळ्या डोंगरांची रांग दिसते.

शुक्रवारी सिनेउ ते अल्कुदिया, युबी आणि मुरो करत, तीसेक किलोमीटर. हा दिवस सकाळीच उरका, आणि त्याचं कारण वारा. जमीन तापली की उपसागरावरून आत वारा सुटतो, त्याला तिथे ‘एंबात’ म्हणतात; आपला खारा वाराच. तो दुपारी जोर धरतो. पाल्माहून सिनेउला येताना तो पाठीवर असतो, आणि सिनेउहून अल्कुदियाकडे जाताना नाकासमोर. नऊला निघालात तर साडेअकराला पोचाल. अकराला निघालात तर सपाट रस्त्यावर चढ चढल्यासारखं होईल. वाटेत मुरो आणि समुद्राच्या मध्ये सा’ल्बुफेरा ही मोठी पाणथळ आहे, १९८८ पासून संरक्षित. आत ठरावीक वाटांवर सायकल चालते. लपणीत बसून पक्षी बघायला तास सहज जातो.

अल्कुदियाला चौदाव्या शतकातली तटबंदी आहे, आणि तिच्या बाहेर पोलेंतिया या रोमन शहराचे अवशेष, इसवी सनपूर्व १२३ मधलं. तटावरून चालता येतं. मुक्काम बंदरावर करा, पोहायला बरं.

शनिवारी पोर्त दे पोयेन्सा. अल्कुदियाहून उपसागराच्या काठाकाठाने दहा किलोमीटर, डोळे मिटून सपाट. तिथून फोर्मेन्तोरच्या टोकाकडे रस्ता चढतो. दीपगृह अठरा-वीस किलोमीटर लांब आहे आणि वाटेत चढ-उतार-चढ असा प्रकार आहे. नवख्यांनी पहिल्या सहा किलोमीटरवरच्या एस कोलोमेरच्या सज्जावर थांबावं. दोनशे मीटरांहून जास्त खाली थेट समुद्र. बेटावरचं सगळ्यात थरारक दृश्य बहुधा हेच, आणि ते पहिल्या टप्प्यातच मिळतं. दीपगृहापर्यंत गेलेल्यांनी मला उगाच हिणवू नये.

रविवारी पोयेन्साचं जुनं गाव आणि तिथला रविवारचा बाजार. चर्चच्या मागून काल्वारीच्या ३६५ पायऱ्या वर जातात, दोन्ही बाजूंना सायप्रसची झाडं. सोमवारी सा पोब्लापर्यंत सायकल आणि तिथून रेल्वेने पाल्मा.

सामान? सिनेउ आणि अल्कुदिया असे दोनच मुक्काम बदलतात, तेवढ्यापुरती टॅक्सी सांगा. पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या पिशव्यांत, सगळा संसार लादून फिरण्यात रोमान्स आहे, पण तो तिशीपर्यंत.

राहिला प्रश्न सा कालोब्राचा, कारण तुमच्यातला तो महागड्या सायकलवाला त्याचं नाव काढणारच. त्रामुन्ताना डोंगररांगेतला (२०११ पासून जागतिक वारसा यादीत) हा रस्ता १९३२ मध्ये आन्तोनियो पारिएत्ती या अभियंत्याने आखला. साडेनऊ किलोमीटर, सव्वीस वळणं, आणि एका ठिकाणी टायच्या गाठीसारखा रस्ता स्वतःच्याच खालून जातो. गंमत अशी की हा घाट आधी उतरायचा असतो. खाली समुद्र, पुढे रस्ता नाही. त्यामुळे उतरलेलं सगळं परत चढायचं. म्हणजे महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला चहा प्यायचा आणि लगेच तोच घाट वर. ज्याला हौस आहे त्याला शनिवारी सोडा. बाकीच्यांना डोंगर चाखायचाच असेल तर सेल्वा-काइमारीहून युकच्या मठाकडे जाणारा चढ सौम्य आहे, आणि मठात राहायची सोयही आहे.

पायरी ७: रस्त्यावर

उजवीकडून चालायचं. सरळ रस्त्यावर हे जमतं. चूक होते ती कॉफी पिऊन पुन्हा निघताना आणि रिकाम्या रस्त्यावर डावं वळण घेताना. म्हणून निघताना पुढच्याने मोठ्याने "उजवी!" म्हणायचं. आम्ही आठही दिवस म्हणत होतो.

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. दोघं शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे, पण वळणावर आणि मागे गाडी अडली की एका रांगेत या. मोटारवाल्यांनी ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा कायदा आहे आणि बहुतेक लोक तो पाळतात. आपल्याला विचित्र वाटतं ते वेगळंच: ते हॉर्न वाजवत नाहीत. जागा मिळेपर्यंत गाडी मुकाट मागून येत राहते. आपण हॉर्नवर वाढलेले लोक, मागे शांतता म्हणजे रस्ता रिकामा असं समजून मधोमध गप्पा मारत चालवतो. एकदा मी मागे वळून पाहिलं तर ट्रॅक्टर, त्यामागे दोन मोटारी, आणि ट्रॅक्टरवरचे आजोबा हँडलवर हात ठेवून आमच्या गप्पा संपायची वाट बघत होते. तेव्हापासून सर्वांत मागच्याचं काम ठरलं: गाडी दिसली की ओरडायचं.

मागचा माणूस म्हणजे स्वीप, पुढचा लीड. दोघांकडेही मोबाईलमध्ये नकाशा ऑफलाइन हवा, आणि तो सायकलसाठीचा. मोटारींसाठीचा रस्ता तुम्हाला हायवेवर नेईल, जिथे सायकलला बंदी आहे. प्रत्येक वळणावर लीडने थांबायचं, स्वीप दिसेपर्यंत हलायचं नाही. चौकातल्या गोल चकरीत डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, आणि घुसताना सगळे एकत्र घुसा. कायद्याने गट एकच वाहन धरला जातो. दारूच्या मर्यादेचा कायदा सायकलवाल्यांनाही लागू आहे, तेव्हा वाईन रात्रीसाठी. अडचण आली तर ११२.

पायरी ८: खाणंपिणं

दुकानं दुपारी दीडच्या सुमाराला बंद होतात ती पाचपर्यंत. रविवारी गावात जवळपास सगळंच बंद. पुणेकरांना एक ते चारची सवय असतेच, तरी सकाळीच केळी आणि पाणी भरून ठेवा. जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं आठनंतर. दुपारी ‘मेनू देल दिया’ मागा: ठरावीक किमतीत दोन पदार्थ, गोड आणि बहुतेक वेळा पेयही.

शाकाहाऱ्यांनी नीट वाचा. मायोर्कातली सगळ्यात प्रसिद्ध मिठाई एन्साइमादा, भुरभुरीत, गोल गुंडाळलेली, वर पिठीसाखर. दिसायला निष्पाप. पण नावातला ‘साइम’ म्हणजे डुकराची चरबी. आमच्यातल्या एका कडक शाकाहाऱ्याने पहिल्या सकाळी दोन खाल्ल्या आणि मग आम्ही ते वाचलं. त्याचा चेहरा अजून आठवतो. तांबडी सोब्रासादा हीही डुकराचीच, ती पावावर फासून देतात. नुसतं "मांस नको" म्हणालात तर सॅलडवर ट्यूना येतो, कारण तो त्यांच्या लेखी मांस नाही. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून", मांस नको, मासे नकोत, हॅम नको, ट्यूना नको.

मग खायचं काय? पा आंब ओली: गावठी पावावर टोमॅटो घासून वर ऑलिव्ह तेल, सोबत चीज आणि ऑलिव्ह. आपल्या भाकरी-तेल-चटणीच्या जातकुळीतलं, सायकल चालवून आल्यावर याच्यासारखं दुसरं नाही. तुंबेत: बटाटा, वांगी, ढोबळी मिरची तळून थर लावलेले, वर टोमॅटोचा रस्सा. गोडात गातो हा बदामाचा केक, बदामाच्या आइस्क्रीमबरोबर. त्यात अंडं असतं. कॉफीत कोर्तादो म्हणजे थोड्या दुधाची छोटी कडक, आपल्या कटिंगच्या मापाची.

घरून चिक्की, खजूर, खाकरे न्या. पेढे-बर्फी मात्र नको: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पायरी ९: परतताना

सायकल परत देताना पहिल्या दिवशी काढलेले फोटो जवळ ठेवा. पाल्माच्या विमानतळावर निम्म्या लोकांच्या हातात एन्साइमादाची अष्टकोनी पुठ्ठ्याची खोकी दिसतील. तुम्हाला आता माहीत आहे. न्यायचंच असेल तर बदाम, एस त्रेंकच्या मिठागरातलं मीठ आणि ऑलिव्ह तेल. तेलाची बाटली हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेतच. आम्ही ती गादीवाल्या शॉर्ट्समध्ये गुंडाळून आणली (धुतलेल्या). शाबूत आली.